दूध भरपूर, जेवण नाममात्र : पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या पोटात लोह जाणार कसे?

ऐरोलीकरीण

नमस्कार. आमची लेक पावणेदोन वर्षांची आहे. सर्दी-खोकला वारंवार होतो म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले आणि हिमोग्लोबिन ९.४ आले. त्यांनी लोहाचे थेंब लिहून दिले आहेत, परंतु घरात मात्र मतमतांतरे आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की इतक्या लहान जिवाला औषध कशाला, आहारातून सगळे भरून निघते. माझ्या आईच्या मते औषध आजच सुरू करावे. अहो दोघींनाही "बरोबर आहे" म्हणतात आणि कामावर निघून जातात.

तिचा आहार सांगते. सकाळी उठल्यावर, दुपारी झोपण्यापूर्वी, संध्याकाळी आणि रात्री बाटलीने दूध. मधल्या वेळेत वरण-भात-तूप चार घास, केळे, बिस्किट. हिरवे काही दिसले की संपले. परवा मेथीचा ठेपला दिला, तर तिने बोटाच्या नखाने मेथीचे एकेक पान उकरून काढले, खुर्चीच्या कडेला ओळीने चिकटवले आणि मग उरलेला ठेपलाही खाली टाकला. अंडे तोंडात घेते आणि तसेच परत काढून देते.

माझा प्रश्न असा आहे की अशा मुलीच्या बाबतीत केवळ आहारावर विसंबून राहता येईल का, आणि येत असल्यास नेमके काय व कसे द्यावे? ज्यांनी हे निभावले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नौपाड्याचे आजोबा

औषधाची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बीट किसून त्याचा रस, डाळिंबाचे दाणे, भिजवलेला खजूर आणि गुळाचा खडा, एवढे नियमाने द्या. आमच्या घरातल्या दोन पिढ्या यावरच वाढल्या. बीट नुसते आवडत नसेल तर धिरड्यात घाला, रंगामुळे मुले खातात.

तक्तेवाला

आजोबा, आपला पूर्ण आदर राखून सांगतो की बीटाचा लौकिक त्याच्या रंगावर उभा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नाही, आणि डाळिंबात त्याहून कमी. सफरचंद कापल्यावर तपकिरी पडते ते लोहामुळे, ही समजूतही तशीच. तो रंग फळातली द्रव्ये हवेशी संयोग पावल्याने येतो.

त्याच तक्त्यांत मटकी सुमारे ८, मसूर ७ च्या आसपास, राजगिरा ८, बाजरी साडेसहाच्या जवळ, नाचणी साडेचार आणि पालक ३ मिलिग्रॅम अशी मूल्ये आहेत. हे आकडे १०० ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. एक ते तीन वर्षांच्या बालकाची दिवसाची शिफारस ८ मिलिग्रॅमची आहे. वाटीभर शिजलेल्या उसळीत कच्ची मटकी फार तर २५-३० ग्रॅम असते, आणि हे मूल वाटीभर नव्हे, दोन चमचे खाणार. हिशेब आपणच करावा.

नौपाड्याचे आजोबा

म्हणजे इतकी वर्षे आम्ही नुसता रंगच प्यायलो म्हणायचा. अळिवाच्या लाडवावर तरी हात टाकू नका.

तक्तेवाला

नाइलाज आहे. जुन्या तक्त्यांत अळिवाला १०० मिलिग्रॅम दिलेले असे, नव्या तक्त्यात ते सुमारे १७ आहे. तरीही वजनाच्या मानाने अळीव श्रीमंतच ठरतो. फक्त लहान मुलाच्या पोटात एका वेळी जातो चिमूटभर. लाडू खुशाल करा, औषध म्हणून मात्र मोजू नका.

घोडबंदरची आई

ऐरोलीकरीण ताई, तुमच्या यादीत मला सर्वांत आधी दूध खटकले. चार बाटल्या म्हणजे पाऊण लिटर ते एक लिटर सहज होते. आमच्या मुलाचेही असेच होते आणि आमच्याकडे निदान एका वेगळ्याच मार्गाने झाले. तो रडता रडता श्वास कोंडायचा, ओठ निळे पडायचे आणि अंग सैल व्हायचे. आम्ही अपस्माराच्या भीतीने धावलो. बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे ऐकून घेतले आणि प्रथम रक्तातले लोह तपासले, कारण श्वास कोंडण्याचे असे झटके येणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता बऱ्याचदा सापडते आणि ती भरून निघाल्यावर झटके कमी होतात. आमच्या बाबतीत तसेच झाले.

त्यांनी समजावले ते असे. दुधात लोह जवळजवळ नसते. त्यातले कॅल्शियम आणि प्रथिने इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. काही लहान मुलांत जास्त दुधामुळे आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्रावही होतो. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे पोट भरलेले मूल जेवत नाही. त्यामुळे आपण "काहीच खात नाही, निदान दूध तरी पिऊ दे" म्हणून आणखी एक बाटली भरतो. त्यांनी दिवसाला ४०० ते ५०० मिलीलीटर ही मर्यादा घातली आणि बाटली बंद करून पेला सुरू करायला लावला.

पहिले काही दिवस घरात आकांत होता, हे लपवत नाही. रात्रीची बाटली सर्वांत शेवटी सुटली. आम्ही त्यातले दूध रोज थोडे कमी करत गेलो आणि शेवटी नुसते पाणी राहिले, तेव्हा त्यानेच ती भिरकावली. जेवणात फरक मात्र लवकर दिसला. भूक लागलेले मूल काय काय खाते, हे पाहून माझ्या सासूबाई चकित झाल्या.

पामबीच

दूध कमी करणे मला पटत नाही. मग हाडांचे काय? उंचीचे काय?

घोडबंदरची आई

४०० मिलीलीटर दूध म्हणजे काही उपवास नव्हे. शिवाय नाचणी, तीळ आणि दही आहेतच.

सारसोळ्याची सून

आमच्याकडे मासळीशिवाय जेवण होत नाही, म्हणून तुम्ही मांसाहारी असाल असे समजून लिहिते. अंडे नको म्हणणाऱ्या मुलांना कोंबडीची कलेजी चालते, असा माझा अनुभव आहे. कलेजी आले-लसूण आणि हळद लावून शिजवायची, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटायची आणि चमचाभर गोळा गरम वरण-भातात कालवायचा. रंग वरणातच मिसळून जातो, मुलाला शोध लागत नाही. रोज मात्र देऊ नये. कलेजीत जीवनसत्त्व अ फार असते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एखादवेळ, तेही थोडेच, असे सांगितले आहे.

तिसऱ्यांचे सूप आणि मटणाचा रस्सा याबद्दल एक सांगावेसे वाटते. रश्श्यात ताकद असते म्हणून मुलाला नुसते पाणी पाजतात आणि मटण मोठी माणसे खातात. लोह त्या मांसात आहे. बोटाने विस्कटून बारीक केलेला तुकडाच भातात गेला पाहिजे. सुकट खारट असते, लहान मुलाला तिची सवय लावू नये.

मटकी-उसळ

आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे आमचा मार्ग थोडा लांबचा आहे. धान्य-कडधान्यांतले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. मांसातल्या रक्तवर्णकाच्या लोहापैकी साधारण १५ ते ३५ टक्के, तर वनस्पतींतल्या लोहापैकी २ ते २० टक्के अंगी लागते, आणि हा आकडा खालच्या टोकाला राहतो की वरच्या, हे सोबत काय खाल्ले यावर ठरते. इथे आपल्या जुन्या पद्धती कामी येतात. कडधान्य भिजवून मोड आणले की त्यातले लोह अडकवून ठेवणारे फायटेट कमी होते, आंबवल्यानेही होते. त्यामुळे मोडाची मटकी मऊ शिजवून, घोटून, वर लिंबू पिळून द्यावी, इडली-डोसा द्यावा, नाचणीची आंबील द्यावी. लिंबू, आवळा, पेरू, मोसंबी यांपैकी एक काहीतरी त्याच जेवणात असावे. आमच्या मुलीला बिया काढलेल्या पेरूची फोड दिली की ती त्या नादात दोन घास उसळीचेही खाते.

नाचणी सत्त्व दुधात शिजवून देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की नाचणीची खरी ख्याती कॅल्शियमसाठी आहे, आणि दुधात शिजवल्यावर तिचे लोह आणखीच दुबळे होते. पाण्यात किंवा ताकात शिजवा, नाहीतर मसूर भाजून घातलेले धिरडे करा.

उपवन

कोणीच चहाबद्दल बोलले नाही. आमच्या घरी आजोबा सकाळी बशीत चहा ओततात, त्यात पोळीचा तुकडा बुडवतात आणि नातवाच्या तोंडात घालतात. नातू त्यांच्या मांडीवरून हलत नाही. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात हे मला ठाऊक आहे, परंतु सासऱ्यांना हे सांगणार कोण?

नौपाड्याचे आजोबा

मी सांगतो. चहा बंद करा आणि बशी तशीच राहू द्या, तीत गुळाचे लिंबू सरबत ओता. मांडी सुटत नाही.

उपवन

आजोबा, आपणच आमच्याकडे या.

वाशीचे डॉक्टर

मी वाशीत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. न तपासलेल्या मुलाचा डोस मी येथे सांगणार नाही, परंतु चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले आहेत, ते सोडवणे आवश्यक वाटते.

लोहाची कमतरता होऊ नये म्हणून आहार, हा एक प्रश्न. कमतरता होऊन हिमोग्लोबिन घसरल्यावर ती भरून काढणे, हा दुसरा. या वयात ११ च्या खाली हिमोग्लोबिन असल्यास आपण रक्तक्षय मानतो (जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी ही रेषा १०.५ वर आणली आहे), ९.४ दोन्ही मोजपट्ट्यांनी कमी आहे. उपचाराचा सर्वसाधारण डोस वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह (औषधी क्षारातले निव्वळ लोह) असतो, म्हणजे १० किलोच्या मुलाला दिवसाला ३० मिलिग्रॅम. वरती तक्तेवाल्यांनी दिलेल्या आकड्यांनी तेवढे लोह पालकातून मिळवायचे तर ती पालकाची एक किलो जुडी होते. म्हणूनच घसरलेले हिमोग्लोबिन निव्वळ आहाराने वर आणण्याचा आग्रह मी धरू देत नाही. आहार नंतरच्या वर्षांसाठी आहे, आणि तो आजच सुरू करावा लागतो.

हा प्रश्न एखाद्या घराचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. मुलाचा साठा आईच्या पोटात भरलेला असतो, तो साधारण सहा महिने पुरतो, आणि आईच्या दुधात लोह थोडेच असल्याने वरचे अन्न उशिरा किंवा अपुरे सुरू झाले की तूट पडते. अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची बाळे तर तुटीतच सुरुवात करतात. मुलगी पहिल्या वर्षी झपाट्याने वाढली, आता वाढीचा वेग मंदावला म्हणून भूकही कमी झाली; ती मुद्दाम त्रास देत नाही, हे घरातल्यांनी समजून घ्यावे.

थेंबांविषयी. दुधासोबत देऊ नयेत. दोन जेवणांच्या मधे, लिंबू किंवा मोसंबीच्या रसाच्या दोन चमच्यांबरोबर द्यावेत. दाताला डाग पडू नये म्हणून ड्रॉपरचे टोक गालाच्या आत मागे न्यावे आणि नंतर पाणी पाजून दात पुसावेत; पडलेला डाग कायमचा नसतो. शी काळी होणे अपेक्षित आहे. योग्य डोस मिळत असेल तर साधारण चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढते, परंतु आकडा सुधारला म्हणून बाटली बंद करू नये, साठा भरण्यासाठी त्यानंतर दोन-तीन महिने औषध चालू ठेवावे लागते. आणि ही बाटली, तसेच आईच्या लोहाच्या गोळ्या, उंच कपाटात कुलपात ठेवाव्यात. गोड थेंबांची अख्खी बाटली पिणाऱ्या मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

खारीगाव

डॉक्टरसाहेब, आमच्या मुलाला दिलेल्या सिरपने उलट्या होत होत्या, म्हणून आम्ही दुकानदाराकडून चवदार असलेले दुसरे आणले. हे चालते का?

वाशीचे डॉक्टर

दुकानदाराला विचारून बदलू नये, कारण बाटलीवर लिहिलेले मिलिग्रॅम आणि त्यातले मूलद्रव्य लोह यांत फरक असतो आणि प्रत्येक क्षारात तो वेगळा आहे. चवीची किंमत कधीकधी परिणामात मोजावी लागते. अमेरिकेत ९ ते ४८ महिन्यांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दिवसातून एकदा ३ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिलेल्या फेरस सल्फेट या साध्या क्षाराने १२ आठवड्यांत आयर्न पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्स या चवीला बऱ्या प्रकारापेक्षा हिमोग्लोबिन जास्त वाढवले. उलट्या होत असतील तर डोस देण्याची वेळ बदलता येते, थोडे अन्न आधी देता येते. ते डॉक्टरांना विचारून करावे.

पामबीच

अंगणवाडीत मिळणारे मोफत सिरप आणि हे थेंब एकाच वेळी द्यायचे का?

कळव्याची आशाताई

मी आशा म्हणून काम करते, हे मला विचारले जाते. आमच्याकडचे सिरप हे प्रतिबंधासाठी आहे : ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलीलीटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. ज्या मुलाचे औषध डॉक्टरांनी सुरू केले आहे त्याला आम्ही त्याच काळात वरून हे देत नाही. डॉक्टरांचे संपल्यावर पुन्हा सुरू करता येते. जंतनाशक गोळीही टाळू नका. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, त्यापुढे पूर्ण ४०० मिलिग्रॅम. गोळी कुस्करूनच द्यावी, अख्खी कधीही देऊ नये. आणि भिंतीचे पोपडे, माती किंवा खडू खाणारे मूल दिसले की "कॅल्शियम कमी आहे" म्हणून सोडून देऊ नका, आमच्याकडे घेऊन या; अशा मुलांत लोह बऱ्याचदा कमी निघते.

जांभळी नाका

लोखंडी कढईचा उल्लेख अजून आला नाही याचे नवल वाटते. जांभळी नाक्याच्या बाजारातून मी जड, बिनमुलाम्याची कढई घेतली आणि टोमॅटो घातलेली मसूर डाळ तीतच करते. आंबट पदार्थ जास्त वेळ शिजला की लोह अधिक उतरते. भाजी थोडी काळपट होते, चव बिघडत नाही. शिजलेले अन्न मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे. नॉनस्टिकमध्ये हे होत नाही, हे सांगणे न लगे.

तक्तेवाला

कढई उपयोगी आहे, परंतु तिच्यातून किती उतरले हे घरी मोजता येत नाही. आवडते म्हणून वापरावी, औषधाचा पर्याय म्हणून नव्हे.

उल्हास खोरे

एक मुद्दा अगत्याने मांडतो. आमच्या भाचीला लोह देऊनही हिमोग्लोबिन दहाच्या वर जाईना. लाल पेशी आकाराने लहान, पण संख्येने भरपूर होत्या. शेवटी एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी झाली आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य प्रकार, निघाला. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण जास्त आहे, परंतु ते कोणत्याही समाजात आढळू शकते. ताईंनी लोहाबरोबर हाही प्रश्न डॉक्टरांना विचारावा.

वाशीचे डॉक्टर

योग्य सूचना. महिनाभर नीट औषध देऊनही हिमोग्लोबिन न वाढल्यास मी तेच पाहतो. मात्र औषध खरोखर पोटात जात होते का, हे आधी विचारतो. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळते.

ऐरोलीकरीण

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात डॉक्टरांना पुन्हा भेटले. लाल पेशींचे आकारमान लहान आहे आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी आहे, त्यामुळे त्यांनी लोहाचीच कमतरता असल्याचे सांगितले. थॅलेसेमियासाठीची तपासणी आताच नको, औषधाला प्रतिसाद पाहून ठरवू म्हणाले. थेंब सुरू केले आहेत. दुपारची आणि संध्याकाळची बाटली बंद केली, उरलेले दूध स्टीलच्या लहान पेल्यात देते. तो पेला ती निम्मा अंगावर ओतते, म्हणजे मर्यादा आपोआप पाळली जाते.

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. बीटाचे ऐकून त्या नाराज झाल्या, मात्र मोडाच्या मटकीवर त्यांचा पूर्ण विश्वास असल्याने आता उसळ त्यांच्याच ताब्यात आहे. सारसोळ्याच्या ताईंची कलेजी वरणात घातली, ती तिने खाल्ली. हिरवे अजूनही निवडून काढते.

एकच प्रश्न उरला. तिला आज ताप आहे. थेंब चालू ठेवायचे का? आणि पुढच्या आठवड्यात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही पुन्हा तपासून घ्यायचे म्हणत होते, ते घेऊ का?

वाशीचे डॉक्टर

थेंबांचे आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा. तापात उलट्या होत असतील तर दोन दिवस थांबायला सांगतील. फेरिटिन मात्र पुढच्या आठवड्यात तपासू नका. संसर्गात ते खोटे वाढते आणि साठा भरल्यासारखा दिसतो. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. हिमोग्लोबिनलाही औषध सुरू करून चार आठवडे होऊ द्यावेत, म्हणजे सुई एकदाच टोचावी लागेल.